मामाचा पेक

आमच्या मामीचं एक वाक्य घरात फेमस आहे. नवीन पाहुणे आले की ती हमखास सांगते, "आमच्या ह्यांना कसलं म्हणजे कसलं व्यसन नाही, एक पेक सोडला तर." पाहुण्यांना अर्थातच पेग ऐकू येतं, ते उगाच खिडकीबाहेर वगैरे बघायला लागतात, आणि मामा तोपर्यंत आतल्या खोलीतून हॉलिवूडचा हिरो ग्रेगरी पेक ह्याचा लॅमिनेट केलेला फोटो आणायला उठलेला असतो.

मामाला हे लागलं कोल्हापुरात, कॉलेजला असताना. मॅटिनीला 'मॅकेनाज गोल्ड' लागला होता, हा गेला मित्रांबरोबर टाइमपास म्हणून आणि मग एकटाच परत परत जात राहिला, अकरा वेळा असं तो सांगतो (मामी म्हणते सात). आता गंमत बघा, मामाचं तेव्हाचं इंग्रजी म्हणजे रजेचा अर्ज लिहिण्यापुरतं. त्या अमेरिकन लोकांचं तोंडातल्या तोंडात बोलणं त्याला कुठून कळणार? मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "कळत नव्हतं म्हणून तर आवडला ना. डायलॉग कळत नाहीत म्हटल्यावर करायचं काय, तोंडाकडे बघत बसायचं. आणि त्याच्या तोंडावर बघण्यासारखं काय, तर भुवया." मग मामाने भुवयांवर दहा मिनिटं घेतली. डावी वर गेली की समोरचा खोटं बोलतोय, दोन्ही खाली आल्या की आता कोणीतरी मार खाणार, आणि काहीच हलली नाही तर मात्र खरं संकट, असा सगळा हिशोब.

मला हे तेव्हा येडेपणाचं वाटलं होतं. पण विचार केला तर बरोबर आहे की. ज्याचं बोलणं समजतं त्याचे डायलॉग लक्षात राहतात, ज्याचं समजत नाही तो माणूसच लक्षात राहतो, कसा उभा राहतो, टोपी कशी काढतो, दारातून जाताना थांबतो का. आपल्याकडे इंग्लिश पिक्चरच्या हिरोंचे जे असे जन्माचे फॅन झाले त्यातले कितीतरी असेच झाले असणार, अर्धवट समजून.

माझी केस तर अजून वाईट. मी तोच पिक्चर पहिल्यांदा बघितला गणपतीत, गल्लीत बांधलेल्या पडद्यावर, आणि तोसुद्धा मागच्या बाजूने, कारण पुढची सतरंजी मोठ्यांनी अडवलेली. त्यामुळे टायटलची अक्षरं उलटी, आणि माझ्यासाठी मार्शल मॅकेना, म्हणजे पेक, कितीतरी वर्षं डावखुरा होता. त्यात एक तळ्यात पोहायचा सीन आहे, तिथे प्रोजेक्टरवाले काका लेन्ससमोर हात धरायचे, त्यामुळे पडद्यावर बराच वेळ त्यांच्या बोटांची सावली आणि पुढच्या बाजूने कॉलेजच्या पोरांच्या शिट्ट्या. पण शेवटी सूर्य उगवतो, त्या उंच सुळक्याची सावली लांब लांब होत जाते आणि सोन्याची वाट दाखवते, तेव्हा अख्खी गल्ली गप्प! नंतर तो डोंगर कोसळतो ते आता बघितलं तर मॉडेल आहे हे शेंबडं पोरही सांगेल, पण तेव्हा मी शेजारच्या काकूंचा हात धरला होता.

हा पिक्चर १९६९ चा. ओमर शरीफ, टेली सॅव्हालस, एली वॅलॅक, नुसती नटांची फौज. दिग्दर्शक जे. ली थॉम्पसन, 'गन्स ऑफ नॅव्हरोन'वालाच. एवढं असून अमेरिकेत तो फार काही चालला नाही, आणि भारतात नि सोव्हिएत रशियात मात्र तुफान. म्हणजे ज्या पिक्चरमुळे आम्ही दोघं फॅन झालो तो पेकच्या चांगल्या कामांच्या यादीत कोणी घेणारसुद्धा नाही. चांगले मी नंतर बघितले, सबटायटल लावून, पण तोवर निकाल लागलेला होता, ते सगळे नुसते पुरावे.

'रोमन हॉलिडे' (१९५३) बघितला आणि मग वाचलं, की करारात मोठ्या अक्षरात नाव फक्त पेकचं ठरलेलं असताना ह्यानेच सांगितलं, त्या नवीन पोरीचं, म्हणजे ऑड्री हेपबर्नचं, नावही माझ्याबरोबरीने टाका. पुढे तिला त्याच पिक्चरसाठी ऑस्कर. आणि खोटं बोलणाऱ्याचा हात तोडतं म्हणतात त्या दगडी तोंडात हात घालायचं दृश्य, तिथे त्याने तिला न सांगता हात बाहीत लपवला आणि तिची किंकाळी खरी आहे. पण मला जीव टाकावासा वाटतो तो शेवट. सगळे पत्रकार निघून जातात, राजकन्याही, म्हणजे हेपबर्न, आत गेलेली, आणि हा त्या प्रचंड रिकाम्या हॉलमधून खिशात हात घालून चालत येतो, एकदाच मागे बघतो. बोलत काही नाही.

'टु किल अ मॉकिंगबर्ड' (१९६२) मध्येही परत तेच! हा वकील, कोर्टात काळ्या अशिलाची केस हरलाय, खालचे सगळे गेले, हा एकटा कागद आवरतोय, आणि वर गॅलरीतली काळी माणसं त्याच्यासाठी उठून उभी राहिलीत. हा वर बघतही नाही, बॅग घेऊन चालायला लागतो. ऑस्कर मिळालं त्याला ह्या रोलसाठी. माझं म्हणणं असं, की हरल्यावर हॉलमधून बाहेर कसं चालत जायचं हे ह्या माणसाला जेवढं जमतं तेवढं कोणाला जमत नाही. माझा नवरा म्हणतो, "तो ॲक्टिंग कुठे करतो, नुसता उभा राहतो." लाकडी आहे, असं पुष्कळ जण म्हणायचे. थोडं खरं आहे. पण नवऱ्याच्या तोंडून का ऐकून घ्यायचं?

फॅन लोक अप्रामाणिक असतातच. १९७८ च्या 'बॉईज फ्रॉम ब्राझील'मध्ये तो नाझी डॉक्टर मेंगेले झालाय, तो मी वीस मिनिटांत बंद केला. मामाच्या मते असा पिक्चर नाहीच. उलट १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंगची हत्या झाली तेव्हा पेक ऑस्कर देणाऱ्या ॲकॅडमीचा अध्यक्ष होता आणि ऑस्करचा सोहळा दोन दिवस पुढे ढकलला गेला, हे मामा असं सांगतो जणू सहीला कागद ह्याच्यासमोर आला होता. आमच्याकडे देव आनंदला भारताचा ग्रेगरी पेक म्हणायचे आणि सुरैया खुद्द पेकची फॅन, हा विषय निघाला की मामा फक्त हसतो. देव आनंद त्याला आवडतो, पण "भुवयांचं काय?"

१२ जून २००३ ला पेक गेला, ८७ वर्षांचा होता. त्याच्या थोडेच दिवस आधी अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने पडद्यावरच्या नायकांच्या यादीत त्याचा ॲटिकस फिंच, 'मॉकिंगबर्ड'मधला तो वकील, पहिला ठरवला होता. मामाचा फोन आला, म्हणाला, "पेपरात चौथ्या पानावर टाकलंय," आणि ठेवला. मरणापेक्षा त्याला चौथ्या पानाचाच राग जास्त आला होता.

आता माझी मुलगी स्टार ट्रेक बघते, ती अंतराळातली सिरियल. तिने मला सांगितलं, तो नवीन स्पॉक आहे ना, ईथन पेक, तो तुझ्या पेकचा नातू आहे. मी लगेच मामाला व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे शांतता. मग चष्मा शोधल्याचा आवाज.

"भुवया आजोबांच्या आल्यात का?"

"मामा, तो परग्रहावरचा आहे रे. टोकदार कान लावलेत, आणि भुवया मेकअपवाल्यांनी पार तिरप्या करून टाकल्यात."

"हात् तिच्या," मामा म्हणाला, "मग बघायचं काय त्यात?"