ताईंचे पाच हजार

रात्रीचे अडीच. बाळ आत्ता झोपलंय. दुधाच्या वेळा लिहायला वही उघडली आणि मागच्या पानावरचा हिशेब समोर आला.

घरात येतात ४६ हजार. माझे १८ हजार आठव्या महिन्यापासून बंद आहेत. आमच्या ऑफिसात आम्ही सहाच जण. २६ आठवड्यांच्या भरपगारी रजेचा कायदा दहा किंवा जास्त माणसं असतील तिथेच लागू होतो, हे मला दिवस गेल्यावर कळलं. आता जाणारे पैसे. घरकर्जाचा हप्ता २०,२८५. सिझेरियन आणि बाळाचे पेटीतले सहा दिवस यांसाठी काढलेल्या २ लाखांचा हप्ता ६,८३६. फ्लॅट घेताना मोठ्या नणंदेने दिलेल्या दीड लाखापैकी महिना ५ हजार. उरतात १३,८७९. त्यातच किराणा, लाईट बिल, मेंटेनन्स, डायपर, मालिशवाल्या मावशी आणि वरच्या दुधाचा डबा, जो पाच दिवसांत संपतो. गेल्या महिन्यात २२ तारखेला खात्यात चारशे रुपये होते. किराणा क्रेडिट कार्डावर भरला. तसा दिवस मला परत नको.

सोमवारी बाळाला घेऊनच बँकेत गेलो. साहेब नीट बोलले. मुद्दल २० लाख, व्याज ९ टक्के. राहिलेली मुदत १५ वर्षांची २० केली तर हप्ता १७,९९५ होईल. महिन्याला २,२९० मोकळे! क्षणभर हायसं वाटलं. मग तिथेच मोबाईलवर गुणाकार केला. शेवटपर्यंत व्याजाचे साडेसहा लाखांहून जास्त वाढत होते. व्याजदर बदलता असल्यामुळे मधे जादा पैसे भरले तर दंड नाही, हेही त्यांनी सांगितलं. पण ते जादा पैसे येणार कुठून? सही केली नाही. दिवाळीपर्यंत मला काम मिळालं नाही तर करावी लागेल, हे मला माहीत आहे.

घरी येऊन तीन कर्जं एकाखाली एक लिहिली. १४ टक्क्यांचं, ९ टक्क्यांचं आणि बिनव्याजी. बँकेचा हप्ता चुकला तर दंड बसतो, सिबिल खराब होतं. ताईंचे चुकले तर व्याज नाही की दंड नाही. तरी पगार झाल्या झाल्या आम्ही पहिले पैसे त्यांनाच पाठवत होतो. ज्यांना थांबा म्हणता आलं असतं, त्यांनाच आम्ही कधी विचारलं नव्हतं.

नवरा म्हणाला, "ताईच्या पैशांना हात लावायचा नाही." त्याच्या बाजूने बघितलं तर त्याचं बरोबर आहे. तिने स्वतःची एफडी मोडून दिलेत. दोन दिवस आम्ही नीट बोललोही नाही. शेवटी काल दुपारी मीच फोन लावला. बहिणीकडे भावाने शब्द टाकावा, मी नव्हे, हे मला कळत होतं. हात थरथरत होता.

"ताई, तुमचे महिन्याचे पैसे थोडे दिवस थांबवले तर चालेल का?"

त्या जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत चालेल. पुढे मला लागतील गं, पोरीची फी आहे." आणि ठेवता ठेवता, "मालिशवाल्या बाईला बंद करू नकोस हां."

मला रडू आलं. त्यांनी 'राहू दे' म्हटलं असतं तर मी जास्त अवघडले असते. त्यांनी मुदत दिली, त्यामुळे मला ते पैसे ताठ मानेने परत करता येतील. नवऱ्याला सांगितलं. तो काही बोलला नाही, बाळाला खांद्यावर घेऊन गॅलरीत उभा राहिला. त्याला वेळ लागेल.

या पाच हजारांतून आधी कार्डाची थकबाकी फेडायची. त्यानंतर दर महिन्याला दोन हजार बाजूला, हात न लावता.

उद्या साडेतीन महिन्यांची लस. पहिल्या दोन वेळा खासगीत गेलो होतो. पेंटाव्हॅलंट, रोटा, न्यूमोकोकल, सगळ्या महापालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळतात, हे शेजारच्या काकूंनी सांगितलं. नऊला रांग लागते म्हणे. कार्ड, दुपटं आणि पाण्याचा थर्मास पिशवीत भरून दाराशी ठेवलाय.