‘नवे साहेब आले की बघू’

कायमचा माणूस मिळेपर्यंतची हंगामी प्रमुख म्हणून मी आजवर तीन कंपन्यांचं कामकाज सांभाळलं. तिन्हीकडे पहिल्याच आठवड्यात एक वाक्य कानावर आलं : “नवे साहेब आले की बघू.” कोणी खोडसाळपणे म्हणत नाही. चार-सहा महिन्यांत जाणाऱ्या बाईच्या शब्दावर आपण पुढे अडचणीत येऊ, ही भीती त्यामागे असते आणि ती मला समजते.

दुसऱ्या कंपनीतला प्रसंग अजून डोक्यातून जात नाही. ऑपरेशन्स हेड तडकाफडकी सोडून गेले होते. मी रुजू झाल्यावर तिसऱ्या दिवशी स्टोअरचे प्रमुख जाडजूड फाइल घेऊन आले. आत ४१ परचेस ऑर्डर, सगळ्या सहीवाचून पडलेल्या. सगळ्यात वर कन्व्हेयरच्या बेअरिंगची. जुनं बेअरिंग खरखरत होतं आणि लाइनवरची पोरं दर पाळीला ग्रीस भरून वेळ मारून नेत होती. मी पेन उचललं, तसे ते संकोचून म्हणाले, “मॅडम, तुमची सही नाही चालणार. अकाउंट्सकडे अधिकारपत्रच आलेलं नाही.”

ते पत्र यायला ९ दिवस लागले. सातव्या दिवशी बेअरिंग जाम झालं आणि दोन पाळ्या लाइन बंद राहिली. त्या दोन पाळ्यांचा राग मला आजही येतो, कारण जबाबदारी माझ्या गळ्यात घालताना अधिकार द्यायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

स्टीव्ह जॉब्स यांनी १९९७ साली ॲपलमध्ये सूत्रं हाती घेतली ती हंगामी सीईओ म्हणूनच. ‘हंगामी’ हा शब्द त्यांनी २००० च्या जानेवारीत काढला. त्याआधीच त्यांनी उत्पादनांची लांबलचक यादी निर्दयपणे छाटली होती आणि १९९८ मध्ये आयमॅक बाजारात आणला होता. हात मोकळे असले की हंगामी माणूस किती करू शकतो, ते यात दिसतं.

आता मी होकार देण्याआधीच लेखी मागते : किती रकमेपर्यंत सही, माणसं घेण्याचा-काढण्याचा अधिकार कुठवर, आणि माझी शेवटची तारीख. तारीख द्यायला मालक कचरतात. पण मी तीच तारीख नोटीस बोर्डावर लावते. पुढचा माणूस कधी येणार हे कळलं की लोकांची कुजबुज थांबते. मात्र विभागांची मोडतोड, बढत्या असल्या गोष्टींना मी हात लावत नाही. त्यांचे परिणाम ज्याला निस्तरायचे आहेत, त्यानेच ते ठरवावं.

आणि हस्तांतरासाठी किमान दोन आठवडे जाणारा आणि येणारा दोघं एकत्र हवेत. एका दिवसात किल्ल्या देता येतात, काम देता येत नाही.

त्या कंपनीतून निघताना नव्या साहेबांसाठी वही लिहिली. पहिल्याच पानावर बेअरिंगचा नंबर, पुरवठादाराचं नाव, आणि खाली ठळक अक्षरात : एक सुटं कायम स्टोअरमध्ये ठेवणे.