खिडकीतलं ऊन मागे सरकतंय

रंगपंचमीनंतरचा रविवार

कोथिंबीर फुलावर आली. शेंडे वर गेले, पानं शेपूसारखी बारीक झाली. आता कितीही पाणी घातलं तरी तिला रुंद पान यायचं नाही. मी उपटायला निघाले होते, पण आई म्हणाल्या, "अगं राहू दे, हिरवे धणे चटणीत घालू." (आई म्हणजे सासूबाई. अलिबागकडच्या. भात काढल्यावर त्याच ओलीवर वाल पेरायचे, हे बघत वाढलेल्या. त्यामुळे कुंडीतल्या शेतीकडे त्या जरा खालच्या नजरेनेच बघतात.) ठेवली. फुलांवर घिरट्या घालणाऱ्या बारीक माश्या येतात आणि त्यांच्या अळ्या मावा खातात. शेजारच्या मिरचीवर मावा दिसायला लागलाच आहे, तेव्हा ते एक बरं.

टोमॅटोही आवरता घेतलाय. फोनवर सध्या जो तो 'वसंत आला, टोमॅटो लावा' म्हणतोय, पण ते थंड मुलखातलं खरं. मुंबईत टोमॅटो गणपती-नवरात्राच्या सुमारास लावायचा. रात्री गार पडायच्या थांबल्या की फुलं नुसती गळतात, फळ धरत नाही. झाड हिरवंगार दिसतं म्हणून लोक आशेवर खत घालत बसतात. मी शेवटचे कच्चे तोडून भाजी केली, दाण्याचं कूट घालून.

तोच रविवार, रात्री

दुपारी ओट्याशी उभी असताना लक्षात आलं की फरशीवर ऊन नाही. मार्गशीर्षात ते पार फ्रिजपर्यंत येतं. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी दक्षिणेकडे. थंडीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे भर दुपारीही ऊन तिरकं, खोल आत येतं. डिसेंबरच्या अखेरीस माध्यान्हीचा सूर्य मुंबईच्या क्षितिजापासून साधारण 47 अंशांवर असतो, मार्चच्या विषुवदिनी 71 वर, आणि मेच्या मध्यावर थेट डोक्यावर. तोच आपला शून्य सावलीचा दिवस. म्हणजे उन्हाळा जसजसा चढतो तसतसं आमच्या खिडकीबाहेरच्या, कुंड्या ठेवलेल्या ग्रिलमधलं ऊन उतरत जातं. वरच्या मजल्याच्या छज्ज्याची सावली रोज थोडी बाहेर सरकते, आणि चैत्र संपता संपता ग्रिलच्या बाहेरच्या कडेला जेमतेम वीतभर पट्टा उरतो.

बियांच्या पाकिटावर 'फेब्रुवारी ते एप्रिल' छापलेलं असतं. खिडकीचं तोंड कुठे, हे कुठलं पाकीट विचारतं? उत्तरेची खिडकी असलेल्याचं गणित याच्या बरोबर उलट. त्याच्याकडे थंडीत काहीच येत नाही, आणि ऊन पोचायला लागतं ते वैशाखाच्या आसपास. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर दोन वेगळे हंगाम. शेतीत प्रयोग करणारे श्रीपाद दाभोळकर म्हणायचे की शेती म्हणजे पानांनी ऊन पकडणं. शेतासाठी मांडलेला तो विचार दीड फूट खोल ग्रिललाही तंतोतंत लागू पडतो. जागा नाही, जागा नाही म्हणून आपण रडतो, पण मुंबईत खरा तुटवडा उन्हाचा आहे.

तर बदल्या. भेंडी आणि दुधी गच्चीवर. ग्रिलमध्ये बाहेरच्या कडेला मिरची. आत सावलीला पुदिना, पानओवा, अळू. मायाळू मधोमध, तो अर्ध्या उन्हावरही वेल सोडतो आणि उकाड्याला भीत नाही.

पाडव्याची आदली संध्याकाळ

उकाडा असह्य. मार्चात मुंबई अशी तापते ती जमिनीकडून येणाऱ्या वाऱ्याने. समुद्राचा वारा सुटायला दुपार उलटली की मग पारा धावतो. 28 मार्च 1956 ला सांताक्रूझला 41.7 अंश झालं होतं. गच्चीवरची भेंडी दुपारी मान टाकते आणि संध्याकाळी आपली आपण उभी राहते. तेव्हा दुपारी मलूल दिसली म्हणून धावत जाऊन पाणी ओतायचं नाही. सकाळी माती ओली करायची, वर पालापाचोळा पसरायचा. खरा त्रास झाडं लावलेल्या काळ्या पिशव्यांचा. पिशव्या कडांनी तापतात आणि मुळं शिजतात. पोतं गुंडाळलं की फरक पडतो.

सोसायटीला वॉटरप्रूफिंगची काळजी, म्हणून पिशव्या विटांवर आणि कठड्याच्या कडेला. स्लॅबवर पाणी साचता कामा नये ही अट मला मान्यच आहे. मातीही निम्मीच घालते, बाकी कोकोपीट आणि घरच्या ओल्या कचऱ्याचं खत. वजन कमी राहतं. पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर बाग फुलवली, ते वाचल्यापासून भाजीची देठं केराच्या गाडीत टाकवत नाहीत.

समुद्रमेथी मात्र झकास. मिठाईच्या पसरट डब्यात वाळू, भिजवलेले मेथीदाणे दाट पेरलेले, वर ओलं फडकं. बोटभर उंच झाली की मुळासकट काढायची. ऊन तिला बाधायच्या आत ती ताटात आलेली असते, म्हणून हिला हंगाम नाही. शत्रू एकच, कबुतर. जाळी थोडी उचललेली राहिली की सगळा डबा साफ.

"वाळू चांगली धू गं, मागच्या वेळी दाताखाली आली," असं आईंनी आत्ताच बजावलंय. पाच पाणी धुतली.

चैत्रातला गुरुवार

दुधीला मादी फूल आलं! आधी आठवडाभर नुसती नर फुलं येत होती, लांब देठाची. मादी फुलाच्या खाली बोराएवढा केसाळ दुधी असतो, लगेच ओळखू येतो. दुधीचं फूल पांढरं, ते उमलतं संध्याकाळी, रात्रीच्या पतंगांसाठी. आमच्या गच्चीवर पतंग दिव्याभोवतीच फिरतात, म्हणून हे काम मलाच करावं लागतं. सातच्या सुमारास नर फूल तोडलं, पाकळ्या मागे दुमडल्या आणि मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवलं. आई खुर्ची टाकून बघत होत्या. "आमच्याकडे असलं काही करावं लागत नव्हतं," म्हणाल्या, आणि पुढचं नर फूल स्वतःच तोडून दिलं.

धरला की नाही ते तीन-चार दिवसांत कळेल. धरला नसेल तर पिवळा पडून गळेल.

शनिवारी चैत्रगौरीचं हळदीकुंकू. आंब्याच्या डाळीला मिरची आणि कढीपत्ता घरचाच पुरेल, कोथिंबीर विकत आणायची. खालच्या मजल्यावरच्या काकूंना पुदिन्याची जुडी आधीच पोचवलेली बरी. कुंड्यांचं पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकतं, आणि मी नव्या थाळ्या अजून आणलेल्या नाहीत.