अकरा डिसेंबरची पंगत

झेंडावंदनाला पोरं मास्तरांच्या धाकानं येतात. ११ डिसेंबरला, १९७१ च्या बांगलादेश युद्धातल्या छत्रीउडीच्या दिवशी मात्र साताऱ्याकडच्या आमच्या गावात कुणाला बोलवावं लागत नाही. माजी सैनिकांच्या मंडळाच्या पत्र्याच्या शेडपुढं सकाळीच चूल पेटते, कर्ण्यावर पोवाडे लागतात आणि वर्षभर ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या वासात पडलेल्या मरून टोप्या बाहेर निघतात. गावातले बरेच जुने जवान २ पॅराचे, म्हणजे विमानातून छत्रीनं उडी मारणाऱ्या पलटणीचे. ही पलटण मुळात मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. १९५२ साली ती पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली, तरी तिच्यातली मराठी बोली काही सुटली नाही. १९४४ साली इटलीत लढताना पडलेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले माणगावकडचे यशवंत घाडगे याच बटालियनचे. आम्हाला ते शाळेच्या आधी या शेडमध्ये कळलं.

कार्यक्रम म्हणाल तर साधा. स्मारकाला हार, दोन मिनिटं उभं राहणं, वीरपत्नींची ओटी, सरपंचांचं भाषण. खरी गर्दी व्हायची ती त्यानंतर, सुभेदार आबा खुर्ची ओढून बसले की. दरवर्षी तीच गोष्ट. आम्हाला पाठ होती, तरी आबा कुठं थांबतील तिथं आम्ही श्वास धरायचो.

११ डिसेंबर १९७१. कलाईकुंडा आणि दमदमहून विमानं उठली. डाकोटा, पॅकेट, एएन-१२, जे उडेल ते. जमालपूर आणि मैमनसिंगहून पाकिस्तानची ९३ ब्रिगेड ढाक्याकडे माघारी निघाली होती. तिची वाट टांगाईलजवळ लोहाजंग नदीवरच्या पुंगली पुलावर अडवायची, एवढंच काम. दुपार कलल्यावर सुमारे सातशे जवान शत्रूच्या पाठीमागं उतरले. काही जण ठरल्या जागेपासून बरेच लांब पडले. काही सामान तळ्यांत गेलं, ते काढायला आसपासचे गावकरी धावले. आबा म्हणायचे, “आपली भाषा त्यास्नी येत न्हवती, त्यांची आपल्याला न्हाई. पण पाण्यातलं वझं वडायला भाषा कशाला लागतीया?” त्याच रात्री पूल ताब्यात आला आणि मागं हटणाऱ्या फौजेशी गाठ पडली. दुसऱ्या दिवशी जमालपूरकडून १ मराठा, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, येऊन मिळाली. इथं आबा हमखास थांबायचे. पुलावर भेटलेल्यांत आपल्याच तालुक्यातलं कोण कोण होतं याची उजळणी व्हायची, आणि त्यावर वादही.

त्या वेळी पेपरांत आभाळभर छत्र्यांचा फोटो छापून आला. तो आधीच्या सरावातला होता. तो पाहून अख्खी ब्रिगेडच उतरली असं जगाला वाटलं. एका वर्षी कुणीतरी त्याचं कात्रण आणलं, तर दोन म्हाताऱ्यांनी त्यातल्या दोन वेगवेगळ्या ठिपक्यांवर बोट ठेवून “ह्यो मी” म्हणून सांगितलं.

पोरांसाठी सगळ्यात मोठा भाग मात्र वाळूचा ढीग. शेडच्या कट्ट्यावरून आबा आम्हाला एकेक करून उडी मारायला लावायचे. “पाय जुळीव, गुडघं वाकीव, हनुवटी छातीला, आणि पडलास की लोळ.” आग्र्याच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये पाच उड्या मारल्यावर छातीवर पंखांचा बिल्ला लागतो, त्यातली एक रात्रीची. म्हणून आमचीही एक उडी डोळे मिटून असायची. कट्टा म्हणजे विमानाचं दार, तिथं उभं राहिलेल्या पोरानं खाली बघितलं तर नंबर शेवटी जायचा. पंख म्हणून आबा पुठ्ठ्याचा तुकडा टाचणीनं लावून द्यायचे. शाळेतलं बक्षीस कुठं गेलं ठाऊक नाही, पण तो पुठ्ठा कित्येकांनी दप्तरात वर्षभर जपला.

बायकांची गोष्ट कुणी माईकवर सांगितली नाही. ती चुलीपाशी चालायची. आजी सांगायच्या, रेडिओवर छत्रीवाले उतरल्याचं ऐकलं, तरी आपलं माणूस त्यात आहे हे पत्र येईपर्यंत कळलं नव्हतं. मला विचाराल तर ती गोष्ट आबांच्या गोष्टीपेक्षा सरस होती.

पुढं २१ पॅरा या विशेष दलाची पोरं सुट्टीवर आली की पंगतीत दिसू लागली. तीही पलटण मराठा लाइट इन्फंट्रीतूनच निघालेली. कुपवाड्यात २०१५ साली धारातीर्थी पडलेले साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक तिच्यातलेच, आणि स्मारकापुढं त्यांचं नाव घेताना आबांचा आवाज दरवर्षी बसायचा. पण ही पोरं बोलत नाहीत. कुठं होता विचारलं की “ड्युटीवर”. आबा वैतागायचे. “आमी उडी मारली ती जगाच्या पेपरात आली. तुमी कुठं असता ते बायकूला बी ठावं न्हाई. मग गोष्ट कुणी सांगायची रं?”

गोंधळ व्हायचा तो जेवणाचा. तारीख मार्गशीर्षात गुरुवारी आली की निम्मं गाव मटणाला नाही म्हणतं. २०२५ साली तसंच झालं आणि पुरी-भाजीवर भागवावं लागलं. जवानांनी चेहरे पाडून खाल्ली.

त्याच पंगतीत एका तरुणानं सांगितलं, अमेरिकेत छत्रीधारी सैनिकांचा राष्ट्रीय दिवस असतो, १६ ऑगस्टला. १९४० साली त्यांच्या तुकडीनं फोर्ट बेनिंगला पहिली उडी मारली, त्याची आठवण म्हणून. आपणही ११ डिसेंबरसाठी दिल्लीला अर्ज करू, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं. आबा आता ऐकायला कमी येतं म्हणतात, पण हे बरोबर ऐकलं. “सरकारी दिवस झाला की पाव्हणं येणार. पाव्हणं आलं की भाषणं. मग जेवाण चार वाजता.”

अर्जाचा ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला. मटणाचा तिथल्या तिथं मंजूर झाला, २०२६ ला शुक्रवार येतोय.