त्रिज्येचा चौथा घात

मंगळवार, रात्री साडेअकरा

लेक झोपल्यावर वहीच्या मागच्या पानावर पुन्हा तोच हिशेब मांडला: डॉक्टर व्हायचं तर किती वर्षं? वय ३४. प्रवेश परीक्षेच्या तयारीला दोन वर्षं, पदवी आणि इंटर्नशिप मिळून सहा, पुढे स्पेशलायझेशन केलं तर आणखी किमान तीन. म्हणजे तोवर वय पंचेचाळीस. नवरा वाचून म्हणाला, "वयाचं सोड, रात्रपाळीचं काय? दहालाच पेंगतेस तू." खरंय ते.

अकरा वर्षं पाइपलाइनची डिझाइनं करतेय. काम वाईट नाही, माणसंही बरी आहेत. पण दोन वर्षांपूर्वी बाबांना रक्ताची उलटी झाली, त्या रात्रीपासून डोक्यात हे खूळ आहे. इमर्जन्सीतल्या सिस्टरने बाबांच्या हातातली गुलाबी टोपणाची कॅन्युला (शिरेत बसवतात ती बारीक नळी) पाहिली, मान हलवली आणि दुसऱ्या हाताला करड्या टोपणाची जास्त जाड कॅन्युला लावली. सलाइन धो धो सुटलं. बाबांचा हात धरायचा सोडून मी मनात गणित करत होते: त्रिज्या दुप्पट, तर प्रवाह सोळापट! त्याची लाज अजून वाटते.

ते सूत्र पॉइझेयचं: नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो. कॉलेजात पाठ करून विसरलेलं, कारण आमच्या मोठ्या पाइपांतला प्रवाह खवळलेला, तिथे ते चालत नाही. परवा कळलं की हा पॉइझेय डॉक्टर होता. आधी भौतिकशास्त्र आणि गणित शिकला, मग वैद्यकाकडे वळला. रक्ताभिसरणाच्या कुतूहलापोटी केसासारख्या बारीक काचेच्या नळ्यांतून पाणी सोडत बसायचा. वाचून इतका आनंद झाला की संशयच आला. सूत्र आवडणं आणि डॉक्टर व्हावंसं वाटणं एकच आहे का?

म्हणून रविवारी चार तास वॉर्डात मदतनीस म्हणून गेले. चाकाच्या खुर्च्या ढकलल्या, एकदा ओकारी पुसली. मग एका आजींनी माझं मनगट धरलं आणि सुनेबद्दल बोलत राहिल्या. वीस मिनिटं नुसती उभी होते. गणित करण्यासारखं काहीच नव्हतं. पाय दुखले, पण मनगट सोडवून घ्यावंसं वाटलं नाही.

येत्या रविवारी पुन्हा जाणार. राजीनामा लिहिलेला नाही, इतक्यात लिहिणारही नाही. शाळेत सोडलेलं जीवशास्त्र मात्र पुन्हा उघडलंय, मूत्रपिंडाच्या प्रकरणावर. एकेका मूत्रपिंडात साधारण दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळून लघवी तयार करणाऱ्या सूक्ष्म नळ्या, म्हणे.

म्हणजे पुन्हा नळ्याच.