पहिली एसटी सात वीसला

पाटीवर ‘जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र’ असं भलं मोठं नाव असलं, तरी गावाकडची मंडळी आमच्या ऑफिसला अजून ‘एम्प्लॉयमेंट’च म्हणतात. पूर्वी इथं कार्ड काढायचं, ते वेळेवर रिन्यू करायचं आणि ‘कॉल’ची वाट बघायची. आता नोंदणी महास्वयं पोर्टलवर होते, आणि आमचा निम्मा जीव रोजगार मेळाव्यांत जातो.

अशाच एका मेळाव्यात एमआयडीसीतल्या एका कंपनीला असेंब्ली लाइनसाठी आयटीआय झालेल्या मुली हव्या होत्या. मुली आल्या, कागदपत्रंही चोख. दुपारी एचआरच्या साहेबांनी मुलाखतीचे फॉर्म परत दिले, तर निम्म्याहून जास्त फॉर्मांवर एकच शेरा: ‘इच्छुक नाही’.

पहाटे उठून, उपाशीपोटी, फाइल पोटाशी धरून आलेली मुलगी इच्छुक नाही? मी पत्ते बघितले. बहुतेक सगळ्या एकाच रस्त्यावरच्या गावांतल्या. वायरमन ट्रेडची एक मुलगी अजून मांडवात होती, तिला विचारलं.

“नाही कुठं म्हणाले मी? फर्स्ट शिफ्ट सातला म्हणाले ते. आमची पहिली एसटी सात वीसला आहे. मी विचारलं, कसं पोचायचं? तर म्हणाले, ते तुमचं तुम्ही बघा.”

1959 च्या कायद्यानं पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी कंपन्यांना रिकाम्या जागा आम्हाला कळवायला लावलं. आमच्याकडचीच माणसं घ्या, असं कधीच म्हटलं नाही. त्यामुळे आमच्या हातात गोडीगुलाबी तेवढी. साहेबांना चहा पाजला आणि कामगारांची बस कुठवर जाते ते विचारलं. त्यांना माहीत नव्हतं! प्लांटला फोन लावला, तेव्हा कळलं की बस रोज सकाळी हायवेच्या फाट्यावरून माणसं उचलते. तिथून पहिलं गाव चार किलोमीटर.

मग मांडवातच मुलींना फोन सुरू झाले. कुणाचे वडील दूध घालायला फाट्यावर येतातच, कुणाचा भाऊ सोडणार. जवळच्या दोन गावांतल्या मुलींचे फॉर्म साहेबांनी परत मागून घेतले आणि शेरे खोडले. वायरमनवाली त्यांत होती. त्यापुढच्या गावांचं मात्र जमलं नाही. बस आत न्यायला कंत्राटदार तयार नव्हता आणि जनरल शिफ्टला जागा नव्हती.

आता कंपनीची मागणी आली की पगाराच्या आधी मी शिफ्टची वेळ आणि बसचा रूट लिहून घेतो. पोर्टलवर त्याला रकाना नाही, म्हणून वेगळी वही केली आहे.