पेजमेकरसाठी जुना सीपीयू सांभाळत बसू नका

तुळशीचं लग्न लागलं की ठाण्याच्या नौपाड्यात, वागळे इस्टेटमध्ये लग्नपत्रिकांची कामं सुरू होतात, आणि नेमका तेव्हाच कोपऱ्यातला जुना सीपीयू मान टाकतो. त्यात विंडोज ७, पानं जुळवायचं पेजमेकर ७, मराठी फॉन्टचं जुनं पॅकेज आणि मागे यूएसबीत खोचलेलं लॉक, म्हणजे जे नसेल तर ते पॅकेज चालतच नाही अशी छोटी किल्ली. वर्षानुवर्षांच्या पत्रिका, अहवाल, सोसायट्यांच्या स्मरणिका सगळं त्याच फॉन्टात. हे सगळं विंडोज ११ वर चढवताना अडतं, कारण विंडोज ११ फक्त ६४-बिट येते. १६-बिट इन्स्टॉलर तिथे सुरूच होत नाहीत आणि लॉकचा ३२-बिट ड्रायव्हर ती स्वीकारत नाही. ३२-बिट विंडोज १० वर कसंबसं भागवणाऱ्यांचीही सोय गेली, तिचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

अशा वेळी जुना कॉम्प्युटर आहे तसा उचलून नव्या मशीनमध्ये व्हर्च्युअल मशीन म्हणून चालवायचा. खालचं मशीन होस्ट, आत चालणारं गेस्ट. गेस्टला वाटतं आपण खऱ्या कॉम्प्युटरवर आहोत. त्याची हार्ड डिस्क म्हणजे होस्टवरची एक मोठी फाइल.

सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं हे लॉकवर ठरतं. विंडोज प्रोमध्ये हायपर-व्ही आयतं मिळतं, पण यूएसबी लॉक गेस्टच्या हवाली करायची सोय त्यात नाही, त्यामुळे या कामाला ते बाद. व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअर वर्कस्टेशन दोन्ही चालतील. इथे व्हर्च्युअलबॉक्स धरून सांगतो. आवृत्ती ७ पासून यूएसबी २ आणि ३ चा सपोर्ट मूळ पॅकेजमध्येच आहे, त्यासाठी एक्स्टेंशन पॅक ही वेगळी पुरवणी लागत नाही. तो पॅक धंद्याच्या वापराला मोफत नाही, तेव्हा दुकानात उगाच टाकू नका.

आधी नवं मशीन तपासा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू. खाली ‘व्हर्च्युअलायझेशन’पुढे ‘एनेबल्ड’ दिसायला हवं. नसेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच उघडायच्या सेटिंग्जमध्ये) इंटेलच्या मशीनवर ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ आणि एएमडीवर ‘एसव्हीएम मोड’ चालू करा. १६ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर निवांत चालतं. ८ जीबीतही भागतं, पण मग होस्टवर ब्राउझरचे वीस टॅब उघडे ठेवायचे नाहीत. ३२-बिट विंडोज ७ ला २ जीबी रॅम आणि एक-दोन कोअर पुरेत. ‘जास्त दिलं तर जास्त पळेल’ हा हिशेब इथे उलटा पडतो: होस्टची रॅम संपली की तो डिस्कवर लिहायला लागतो आणि दोघंही रांगतात.

आता जुनी डिस्क उचलायची. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचात डिस्कटूव्हीएचडी नावाचं छोटं, मोफत टूल आहे. ते जुन्या कॉम्प्युटरवर, तो चालू असतानाच चालवायचं. ‘यूज व्हीएचडीएक्स’वरची टिक काढा, व्हर्च्युअलबॉक्सला साधी व्हीएचडी फाइल सोपी जाते. सी ड्राइव्हबरोबर ‘सिस्टिम रिझर्व्ह्ड’ या छोट्या भागावरही टिक हवी. बूटची फाइल बहुतेकदा त्यात असते, आणि ती सुटली की गेस्ट काळ्या पडद्यावरच थांबतो. फाइल बाहेरच्या डिस्कवर घ्या, मात्र ती डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असू दे. एफएटी३२ वर ४ जीबीच्या पुढची एकही फाइल मावत नाही. नव्या मशीनवर ती वनड्राइव्हच्या फोल्डरात ठेवू नका. तिथे ठेवली तर गेस्टमध्ये काहीही लिहिलं की कित्येक जीबींची फाइल पुन्हा सिंक व्हायला धावते.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवं मशीन करताना प्रकार ‘विंडोज ७ (३२-बिट)’ निवडा, ईएफआयची टिक काढा आणि नवी डिस्क न बनवता ही व्हीएचडी जोडा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. विंडोजचा लोगो येतो, निळा पडदा चमकतो, मशीन पुन्हा सुरू, पुन्हा निळा पडदा. निळ्या पडद्यावरच्या कोडच्या शेवटी ७बी दिसला तर डिस्क कंट्रोलर, म्हणजे गेस्टला डिस्क जोडून देणारा भाग, चुकलाय. विंडोज ७ बूटच्या वेळी वापरात नसलेला डिस्क ड्रायव्हर बंद ठेवते. जुन्या मशीनच्या बायोसमध्ये डिस्क एएचसीआय या नव्या पद्धतीवर होती तर गेस्टला साटा कंट्रोलर द्या, आयडीई या जुन्या पद्धतीवर होती तर आयडीई. माहीत नसेल तर दोन्ही लावून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. एक्सपी नव्याने टाकणार असाल तर आयडीईच ठेवा, तिच्या इन्स्टॉलरमध्ये एएचसीआयचा ड्रायव्हर नाही.

हार्डवेअर बदललेलं दिसल्यामुळे विंडोज पुन्हा ॲक्टिव्हेशन मागू शकते. कॅबिनेटवर चिकटवलेला ओईएम (मशीनबरोबरच आलेल्या विंडोजचा) स्टिकर त्याच मशीनपुरता असतो. लायसन्सच्या दृष्टीने तो व्हर्च्युअल मशीनला चालत नाही, रिटेल (वेगळी विकत घेतलेली) कॉपी लागते.

लॉकसाठी गेस्टच्या सेटिंग्जमध्ये यूएसबी २.० कंट्रोलर निवडा. ३.० नको, विंडोज ७ मध्ये त्याचा ड्रायव्हर मुळातच नाही. लॉक खोचून ठेवा आणि यूएसबी फिल्टरमध्ये अधिकच्या चिन्हावर क्लिक करून ते यादीतून घ्या. फिल्टर उघडून त्यात पोर्टचा रकाना भरलेला असेल तर रिकामा करा, नाहीतर उद्या लॉक दुसऱ्या पोर्टात गेलं की गेस्टला सापडत नाही. होस्टवर लॉकचा ड्रायव्हर टाकायची गरज नाही. लिनक्स होस्ट असेल तर तुमचा युजर ‘व्हीबॉक्सयूजर्स’ या ग्रुपमध्ये घाला, तोवर यूएसबीची यादी रिकामीच दिसेल. लॉक जुन्या प्रिंटर पोर्टवालं असेल तर मात्र हा मार्ग सोडा. नव्या मदरबोर्डवर तो पोर्ट सहसा नसतो, आणि यूएसबी कन्व्हर्टर प्रिंटरसाठी असतात, लॉकसाठी नाही.

सगळं चालतंय पण गोगलगायीच्या गतीने? खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतंय का बघा. (हे खरंच आहे, थट्टा नाही.) होस्टवर हायपर-व्ही जागं आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या आडून काम करावं लागतंय, असा त्याचा अर्थ. विंडोज फीचर्समधून हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म काढा. तरी कासव हललं नाही तर विंडोज सिक्युरिटीत ‘कोअर आयसोलेशन’खालची ‘मेमरी इंटिग्रिटी’ बंद करून रीस्टार्ट करा. तेवढं संरक्षण त्यात जातं, आणि डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) वापरत असाल तर तेही बंद पडेल.

गेस्टचं नेटवर्क कार्ड बंदच ठेवा. विंडोज ७ ला सुरक्षा अपडेट येत नाहीत, आणि पत्रिका जुळवायला इंटरनेट लागत नाही. फायलींची देवघेव गेस्टमध्ये ‘गेस्ट ॲडिशन्स’ हे व्हर्च्युअलबॉक्सचं जोड-सॉफ्टवेअर टाकून शेअर्ड फोल्डरमधून करा.

छपाईसाठी गेस्टमध्ये नव्या प्रिंटरचा ड्रायव्हर शोधत बसू नका. पेजमेकरच्या प्रिंट ऑप्शन्समध्ये कागदाऐवजी पोस्टस्क्रिप्ट (छपाईच्या भाषेतली) फाइल लिहा, ‘डाउनलोड फॉन्ट्स’ला ‘पोस्टस्क्रिप्ट अँड ट्रूटाइप’ ठेवा आणि होस्टवर घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रामने तिची पीडीएफ करा. फॉन्ट आत गेलेच पाहिजेत. हे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवतात, त्यामुळे फॉन्ट सुटला की प्लेटवर ‘शुभविवाह’ऐवजी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला उमटतो. गेस्टमधून कॉपी केलेला मजकूर वर्डमध्ये तसाच दिसतो तेव्हाही कारण हेच. दोष व्हर्च्युअल मशीनचा नाही.

पावसाळ्यात वीज गेली तर आयडीई कंट्रोलरवाल्या गेस्टला धोका जास्त. त्यात ‘यूज होस्ट आय/ओ कॅश’ आपोआप चालू असतं, म्हणजे गेस्टने लिहिलेलं काही काळ होस्टच्या रॅममध्येच थांबलेलं असतं. यूपीएस नसेल तर ती टिक काढा. स्नॅपशॉट, म्हणजे गेस्टची त्या क्षणाची जपलेली स्थिती, हा बॅकअप नव्हे. तो मूळ डिस्क फाइलवरच उभा असतो, ती गेली की तोही गेला. शिवाय डझनभर साठले की डिस्क भरते आणि गेस्ट मधेच थांबतो. बॅकअपसाठी गेस्ट पूर्ण शटडाउन करून ‘एक्स्पोर्ट अप्लायन्स’ करा आणि ती फाइल दुसऱ्या डिस्कवर ठेवा. मग तीच फाइल दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवर उघडा, लॉक लावा, एक जुनी पत्रिका छापून बघा. तोवर जुना सीपीयू भंगारवाल्याला देऊ नका.